चढतं, चढतंय, चढलंय

गोदीतल्या पंपघरात दाजी बसत. खरं तर ते दाजी एकाच माणसाचे. रंगाऱ्यांच्या टोळीचा मुकादम म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी त्यानं गोदीच्या काठावरून आरोळी ठोकली, "दाजीऽऽ, डबा विसरलात!" तेव्हापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून क्रेनवाल्यापर्यंत ते सगळ्यांचेच दाजी झाले. पगाराच्या चिठ्ठीवर वेगळं नाव असे, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर दाजी मागे वळूनही बघत नसत. थट्टा करणारे म्हणत, "लोकांना एक मेहुणा सांभाळताना नाकी नऊ येतात, तुम्ही अख्खी गोदी सांभाळता!" दाजी म्हणत, "अख्खी गोदी परवडली. तो एकटा परवडत नाही."

काम सांगायला सोपं होतं. दुरुस्तीला आलेलं जहाज गोदीत घ्यायचं, मागचं भलंमोठं लोखंडी दार लावायचं आणि आतलं पाणी पंपानं उपसून बाहेर टाकायचं. पाणी उतरत जातं तसं जहाज तळाशी मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकतं. मग त्याच्या पोटाखाली शिरून माणसं खरवडतात, जोडतात, रंगवतात. ती जागा अशी की ताठ उभं राहता येत नाही. डोक्यावर हजारो टनांचं लोखंड आणि कंबरेत वाकून दिवसभर काम. दार कितीही घट्ट बसलं तरी थोडं पाणी झिरपतंच. ते कडेच्या चरातून हौदात जमतं आणि छोटा पंप ते फेकत राहतो. दाजींच्या टेबलासमोर एक तबकडी होती. हौदातलं पाणी वाढलं की तिचा काटा वर सरके. हिरवी पट्टी म्हणजे रोजचं, पिवळी म्हणजे जरा लक्ष द्या आणि लाल म्हणजे पाणी चरातून बाहेर पडून फरशीवर आलं. वर्षानुवर्षं दाजींनी तो काटा हिरव्यातच पाहिला होता.

काही कळवायचं झालं तर रेडिओवर सांगायचं. पूर्वी तिथं सगळं मराठीतच चाले. "ए दारवाल्या, झोपलास का रे?" इथपासून घरच्या चौकशीपर्यंत. मग गोदीची मालकी बदलली. परदेशी जहाजं येऊ लागली, त्यांचे खलाशी दहा देशांचे, आणि नवा डॉकमास्टरही परदेशी आला. उंच, हळू बोलणारा, कुणावर आवाज न चढवणारा माणूस. त्यानं दोन नियम केले. रेडिओवर फक्त इंग्रजी, आणि एका वेळी एकानंच बोलायचं. दुसरा, धोक्याचा भोंगा वाजवायचा तो फक्त त्याच्या हुकमानं. हा दुसरा नियम उगाच नव्हता. मागं कुणीतरी चुकून भोंगा दिला होता, जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि एक म्हातारा फिटर कायमचा लंगडा झाला. म्हणून या नव्या साहेबांनी पंपघरातल्या भोंग्याच्या खटक्यावर झाकण बसवलं, झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या ऑफिसात ठेवली.

रेडिओ ज्याच्या हातात त्यानं इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची, असंही ठरलं.  शाळेत असताना इंग्रजीच्या तासाला दाजी हमखास बाहेर उभे असत.

कँटीनमध्ये शिकवणी सुरू झाली. शिकवायला एक बाई येत. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी तुम्हाला सगळी भाषा शिकवू शकत नाही. प्रत्येकानं आपल्या कामाचं एक क्रियापद घ्या आणि ते पक्कं करा." क्रेनवाल्याला मिळालं स्विंग, दारवाल्याला शट, आणि दाजींना राइज. वर येणे, चढणे.

"या सगळ्या क्रियापदांना शिंगं आहेत," बाई म्हणाल्या. "ती सरळ चालत नाहीत. शेवटी 'ड' लावला की भूतकाळ झाला, असं यांचं नाही. राइज, रोज, रिझन."

दाजींचा चेहरा उजळला. "हे बरंय की! पाणी रोज चढतं, म्हणून वॉटर रोज."

बाई आधी गोंधळल्या, मग टेबलाला धरून हसल्या. "अहो, ते रोज म्हणजे रोज नव्हे! ते काल चढलं, होऊन गेलं. रोज चढतं त्याला म्हणायचं राइजेस. वॉटर राइजेस."

पण दाजींच्या डोक्यातून तो रोज काही केल्या निघेना. विचारलं की तोंडातून रोजच बाहेर पडे आणि वर्गात खसखस पिके. शेवटी बाईंनी घोकंपट्टी लावली. जाता-येता, जिना चढता-उतरता दाजी पुटपुटत, "वॉटर राइजेस, वॉटर राइजेस." मेहुणा त्यांना गाठून विचारी, "दाजी, आज काय विशेष?" आणि दाजी म्हणत, "चल, हो बाजूला."

बाईंनी पुढचंही शिकवलं होतं. फळ्यावर एक नळ आणि एक बादली काढून त्या म्हणाल्या, "आत्ता, या घडीला, तुमच्या डोळ्यांदेखत चढत असेल तर इज रायझिंग. चढून वर आलेलं असेल तर हॅज रिझन."

"म्हणजे चढतं, चढतंय आणि चढलंय," दाजी म्हणाले.

"अगदी तेच! हे तुम्हाला आईच्या पोटातून येतं. फक्त तिकडे न्यायचं."

समजलं सगळं. पण समजलेलं आणि जिभेवर बसलेलं यात फरक असतो. जिभेवर बसलं होतं ते एकच.

परीक्षा साहेबांनी स्वतः घेतली. दाजींना त्यांनी एकच प्रश्न विचारला, गोदीत पाण्याचं काय होतं? दाजींनी छाती भरून उत्तर दिलं, "वॉटर राइजेस, सर. एव्हरी डे. लिटल. पंप टेक्स आउट." साहेब खूश झाले. म्हणाले, म्हणजे रोज थोडं पाणी चढतं आणि ते नेहमीचंच आहे, हो ना? दाजी म्हणाले, "येस सर." पास. त्या दिवशी दाजींनी घरी येऊन बायकोला परीक्षेची हकिकत इतक्यांदा सांगितली की तिनं शेवटी हात जोडले.

पुढं काही महिन्यांनी एक लांबलचक मालवाहू जहाज गोदीत आलं. त्याला पाण्यात पुढं ढकलणारा मागचा प्रचंड पंखा बदलायचा होता आणि पोट खरवडून रंगवायचं होतं. मेहुण्याची टोळी पोटाखाली होती. त्यांतले काही जण हवेच्या मारानं जुना रंग उडवत होते. त्या कामाला डोक्यावर जाड टोप असतो, हवा नळीतून येते आणि कानठळ्या बसवणारा आवाज सुरू असतो. बाकीच्यांच्या कानांतही बोळे. फरशीवर दिव्यांच्या वायरी पसरलेल्या.

दुपारचं जेवण झालं. वर क्रेननं पंखा उचलायला घेतला आणि ऑफिसातली माणसंसुद्धा बघायला काठावर आली.

दाजींना पहिल्यांदा कळलं ते कानांनी. छोट्या पंपाचा सूर बदलला होता. ओझं वाढल्यावर माणूस कण्हतो तसा तो कण्हत होता. दाजींनी तबकडीकडे पाहिलं. काटा हिरव्याच्या वरच्या टोकाला होता. पंप पूर्ण जोरात सुरू, तरी काटा खाली यायचं नाव घेईना. ते बघत राहिले आणि बघता बघता काटा पिवळ्यात गेला. दाराच्या खालच्या कोपऱ्यातलं रबर फाटलं होतं, हे नंतर कळलं. पंपघरातून तो कोपरा दिसत नव्हता.

दाजींनी मोठ्या पंपाचा खटका ओढला. पण तो पंप म्हणजे जुना हत्ती. आधी त्याच्या पोटात पाणी भरून घ्यावं लागे, मगच तो उठे. तोवर वेळ जाणार. त्यांनी रेडिओ उचलला.

"पंपहाउस. वॉटर राइजेस."

"येस, वॉटर राइजेस," साहेबांचा शांत आवाज आला. "थँक यू. क्रेन लिफ्टिंग. कीप द चॅनल फ्री." म्हणजे क्रेन उचलतेय, मधे बोलू नका.

दाजी क्षणभर रेडिओकडे बघतच राहिले. आपण आग लागली म्हणून सांगावं आणि समोरच्यानं बरं म्हणून फोन ठेवावा, तसं झालं. त्यांनी ऑफिसात फोन लावला. घंटी वाजत राहिली. सगळे पंखा बघायला बाहेर, आणि भोंग्याच्या कुलपाची किल्लीही तिथं ऑफिसातच. त्यांनी पुन्हा रेडिओ तोंडाशी धरला.

"सर, पंप रनिंग. वॉटर राइजेस. राइजेस, सर!"

"अंडरस्टूड. इट राइजेस. रन द पंप."

 आपण काहीतरी चुकीचं बोलतोय हे त्यांना कळत होतं, पण काय चुकतंय ते सापडत नव्हतं. साहेब तर ऐकत होते, समजलं म्हणत होते. खिडकीतून जहाजाचं काळं पोट दिसत होतं, त्याखालची दिव्यांनी उजळलेली फट आणि त्या फटीत हलणारे पाय. त्यांतले दोन पाय मेहुण्याचे. बाई फळ्याशी उभ्या आहेत, नळ, बादली... दाजींनी जे हाताला लागलं ते ओढलं.

"वॉटर हॅज रिझन!"

या वेळी साहेबांनी विचारलं तरी. "टू व्हॉट मार्क?"

"यलो!"

"यलो इज ओके. वॉच इट."

आलंय ना पिवळ्यापर्यंत, मग ठीक आहे, लक्ष ठेवा. साहेबांनी जे ऐकलं त्यावर तेच उत्तर बरोबर होतं. पाणी चढलं आणि थांबलं, एवढंच त्यांच्या कानांवर गेलं होतं. आणि तेवढ्यात काटा पिवळा ओलांडून लालाच्या कडेला टेकला.

दाजींचा धीर सुटला. नियम गेला खड्ड्यात. ते रेडिओत ओरडले, "अहो, पाणी चढतंय! चढतंय पाणी! माणसं आहेत खाली!"

"दाजी?" क्रेनवाल्याचा आवाज आला. "काय झालं, दाजी?" त्याच्या आकड्याला तो पंखा हवेत लटकत होता आणि पंख्याखाली माणसं होती, त्याला हात सोडता येत नव्हता.

"वन स्पीकर!" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "पंपहाउस, इंग्लिश, प्लीज!"

पण दाजींच्या तोंडून शब्द निघून गेला होता आणि तो त्यांनी स्वतःच्याच कानांनी ऐकला होता. चढतं नव्हे. चढलंय नव्हे. चढतंय. आपण मघापासून साहेबांना रोजची गोष्ट सांगत होतो. त्यांनी श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करून ठेवला.

"सर. वॉटर इज रायझिंग. नाऊ. इट इज रायझिंग नाऊ. मेन अंडर शिप."

 मग साहेब म्हणाले, "स्टिल रायझिंग?"

"इज रायझिंग, सर! नॉट स्टॉपिंग! रेड!"

पुढच्या क्षणी साहेबांनी काठावरच्या खटक्यानं भोंगा सुरू केला.

फटीतून पहिला माणूस बाहेर आला, मग तिघे, मग एकदम घोळका, वाकलेले, भिजलेले, एकमेकांना ढकलत. फरशीवर चकाकणारं पाणी दाजींना वरून दिसलं आणि त्यांना वायरी आठवल्या. "लाइट ऑफ, सर! लाइट!" साहेबांनी वीज तोडली. विजेचा धोका गेला, पण पोटाखाली मिट्ट काळोख झाला. आता आत कोण राहिलं असेल तर त्यानं चाचपडतच यायचं.

मेहुणा बाहेर आला होता. दाजींनी त्याला ओळखलं आणि त्यांच्या तोंडून नकळत हुश्श निघालं. तो हजेरीच्या फळ्यावरचे बिल्ले बघत होता. आत जाताना प्रत्येक जण आपला बिल्ला तिथं टांगे आणि बाहेर आला की उचले. एक बिल्ला तसाच लटकत होता. टोपवाल्यांपैकी एक जण आत होता; त्याला भोंगा ऐकूच गेला नव्हता. मेहुण्यानं बिल्ला पाहिला, जमिनीवर पडलेली हवेची नळी हातात घेतली आणि तिच्या मागोमाग पुन्हा आत शिरला.

"नको रे," दाजी खिडकीला म्हणाले. "नको, नको."

त्यांना पळत खाली जावंसं वाटलं. पण मोठा पंप नुकता घरघरायला लागला होता, आणि तो मधेच हवा ओढून बंद पडू नये म्हणून झडप हातानं धरून ठेवावी लागे. दाजी झडप धरून उभे राहिले. डोळे त्या फटीवर. फट बारीक होत चालली होती. पाणी आतल्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. आणि तिथं तर वाकूनच चालायचं, म्हणजे तोंडापर्यंत यायला कितीसा वेळ. पंपानं एक हिसका दिला, सगळं पंपघर हादरलं आणि नळातून पाण्याचा लोट बाहेर पडला. हत्ती उठला होता. काटा थरथरत जागच्या जागी थांबला.

फटीतून आधी टोप दिसला. मग तो टोप मागून ढकलणारे दोन हात. मग मेहुणा, नाकातोंडातून काळं पाणी ओकत.

टोपवाला सहीसलामत होता. मेहुण्याच्या छातीत मात्र तेलकट पाणी गेलं होतं. त्याला दवाखान्यात ठेवलं, नळ्या लावल्या. दोन दिवस डॉक्टर नुसतं "बघू" म्हणत होते.

चौकशी झाली. ऑफिसात सगळ्यांसमोर रेडिओचं रेकॉर्डिंग लावलं. दाजी मान खाली घालून स्वतःचा आवाज ऐकत होते, राइजेस, राइजेस. ते संपल्यावर कुणी काही विचारायच्या आत तेच उठले. "साहेबांनी मी म्हटलं तेच ऐकलं," ते मराठीत म्हणाले आणि शिकवणीच्या बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. "मी चुकीचं म्हटलं." साहेबही उठले. एका प्रश्नावर आपण यांना पास केलं, दुसरा विचारलाच नाही, असं ते म्हणाले. आणि भोंग्याला कुलूप आपणच लावलं. ते कुलूप त्याच दिवशी निघालं. जिवावर बेतलं तर कुठल्याही भाषेत ओरडा, असाही नियम झाला. पण दाजींचा रेडिओ काढून घेतला. पुन्हा परीक्षा होईपर्यंत त्यांच्या शेजारी दुसरा माणूस बसणार होता.

हे सगळं दाजींनी सोसलं असतं. घरचं सोसवेना. चौकशीत काय निघालं ते बायकोच्या कानांवर गेलं होतं. दवाखान्यातून आली, चप्पल काढली आणि दारातच म्हणाली, "माझा भाऊ खाली होता. आणि तुम्ही वर शब्द शोधत होतात."

  त्यानंतर तिनं ताट वाढलं, कपडे धुतले, सगळं केलं; अबोला मात्र सोडला नाही. काही विचारायचं असलं तर भिंतीला विचारी.

मेहुण्याच्या नळ्या निघाल्या. आवाज बसला होता, श्वास पुरत नव्हता, पण खोडी गेली नव्हती. बहीण डबा घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "ताई, त्यांना बोलू नको जास्त. पंप त्यांनी सोडला नाही. सोडला असता तर तू आज डबा कुणाला आणला असतास?" ती डब्याचं झाकण घट्ट लावत राहिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. परीक्षा जवळ आली होती. ती शेगडीशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, "दूध वर येतंय. कसं म्हणायचं?"

दाजी दचकले. "आं?"

"दूध वर येतंय. तुमच्या त्या भाषेत."

"मिल्क... मिल्क इज रायझिंग."

"मग बसलात काय? गॅस बंद करा!"

ते धडपडत उठले. निम्मं दूध शेगडीवर सांडलं होतं. तिनं फडकं घेतलं आणि पुसता पुसता तिला रडू आलं, दुधावरून नव्हे. दाजी नुसते उभे राहिले. मग त्यांनीही एक फडकं घेतलं.

तेव्हापासून तिनं त्यांना सोडलं नाही. जेवताना, दिवा लावताना, पायरीवर भाजी निवडताना मधेच विचारी. सूर्य उगवतो. भाव चढलेत. ताप चढतोय. दाजी चुकले की ती पुन्हा विचारी. तिला स्वतःला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण अडखळलं की ते बरोबर ऐकू येई.

दुसरी परीक्षा तासभर चालली. या वेळी साहेब बोलतच नव्हते. ते तबकडीचा काटा हातानं फिरवत, थांबवत, मागे नेत आणि दाजींकडे बघत. मधेच मागून कुणीतरी मुद्दाम पत्र्यावर हातोडा मारी. दाजींचा सदरा घामानं पाठीला चिकटला. दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा स्वतःच थांबून त्यांनी दुरुस्त केलं. साहेबांनी रेडिओ त्यांच्या हातात दिला.

मेहुणा पुन्हा जहाजाखाली गेला नाही. जिना चढला तरी त्याला दम लागे. त्याला काठावर, बिल्ल्यांच्या फळ्यापाशी बसायचं काम दिलं. कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं हे तो बघे. नव्या जहाजाखाली त्याची टोळी पहिल्यांदा उतरली त्या सकाळी त्यानं पंपघराकडे तोंड करून हाक मारली, पण आवाज तिथवर पोचला नाही. मग त्यानं नुसता हात वर केला. दाजींनी खिडकीतून हात वर केला आणि पुन्हा काट्याकडे बघायला लागले.